उसनं गिऱ्हाईक

रिकाम्या दुकानात पाऊल टाकायला माणूस बिचकतो. आत एकटा दुकानदार, त्याचे आपल्यावर खिळलेले डोळे, आणि काही न घेता बाहेर पडायचं म्हणजे जणू चोरीच. मग माणूस दारातूनच "नुसतं बघत होतो" म्हणतो आणि काढता पाय घेतो. हे ज्याला कळलं त्याला दुकानदारी कळली, असं वहिनींचे यजमान सांगायचे. अख्खी गल्ली त्यांना दादा म्हणायची, म्हणून त्या अख्ख्या गल्लीच्या वहिनी. आणि गल्लीतली ती रीत सुरू केली तीही दादांनीच.

रीत साधी होती. कुणाच्याही दुकानात अनोळखी गिऱ्हाईक शिरलं, की शेजारच्यांनी हातातलं काम टाकून तिथे जायचं आणि गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं. काम टाकून म्हणायचं आपलं, टाकायला काम होतंच कुठे. हातात पिशवी हवी आणि ती भरलेली दिसायला हवी, म्हणून प्रत्येकाच्या गल्ल्यामागे रद्दी कोंबलेली एक पिशवी खिळ्याला लटकत असायची. दुकानदाराने रोजच्या शेजाऱ्यालाच "या, बसा, काय दाखवू" असं अदबीने म्हणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे उसन्या गिऱ्हाइकाने कधी नाही म्हणायचं नाही. माल वाईट म्हणायचा नाही, भाव चढा म्हणायचा नाही, आणि "पुढच्या वेळी बघू" हे शब्द तर चुकूनही तोंडातून काढायचे नाहीत.

भांडीवाले भाऊजी या कामात सगळ्यात तरबेज. शिलाईवाल्या काकू थोड्या लाजायच्या, पण एकदा सुरू झाल्या की त्यांना आवरावं लागायचं. तिसरे 'डॉक्टर', म्हणजे चष्मेवाले. नंबर तपासताना पांढरा कोट घालायचे म्हणून हे नाव पडलेलं. दुसऱ्याच्या दुकानात जाताना कोट काढून ठेवायचा, एवढंच त्यांना बजावावं लागे. एकदा विसरले, तर काकूंच्या दुकानात आलेल्या बाईने त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारलं.

राज्याची वाढ मंदावली आहे, असं पेपरात यायचं. मंदावली म्हणे. किती सोज्वळ शब्द बघा. एखाद्या म्हाताऱ्याची चाल मंदावावी आणि त्याने सावकाश का होईना घरी पोचावं, असं काहीतरी वाटतं ऐकून. गल्लीत काय झालं होतं ते विचारा ना. गावाबाहेरचा मोठा कारखाना पलीकडच्या राज्यात गेला. तिकडे वीज लगेच मिळाली, जमीन लगेच मिळाली, आणि इकडे साधी दुकानाची पाटी बदलायची तर परवानगीसाठी चपला झिजवा. आता सगळं एकाच खिडकीत मिळेल, असं सरकारने मध्ये जाहीर केलं. खिडकी एक झाली हे खरं, पण तिच्यापर्यंत पोचायचे जिने वाढले. कारखान्यामागोमाग कामगार गेले, कामगारांमागोमाग त्यांची घरं गेली, आणि घरंच नाहीत तर पडदे घेणार कोण? माणूस नवीन घर मांडतो तेव्हा पडदे घेतो. जो निघायच्या बेतात असतो तो जुन्याच पडद्यावर भागवतो. वहिनींच्या दुकानात पडद्याच्या कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते आणि त्या मधे बसून माशा मारत होत्या.

शेवटी दादाही गेले. पलीकडच्या राज्यात एका गोदामावर देखरेखीची नोकरी मिळाली. लेकीलाही तिथल्याच कॉलेजात घातलं. दुकान विकलं गेलं की वहिनींनी जायचं, असं ठरलं होतं. दुकान काही विकलं जाईना, आणि एक वर्ष उलटून दुसरं लागलं तरी वहिनी इथेच. त्यांना सगळ्यात जास्त काय छळत असेल तर दादांच्या खोलीच्या त्या दोन खिडक्या. रस्त्यावरची खोली, समोर दुसऱ्या इमारतीचे सज्जे, आणि काचांना चिकटवलेली वर्तमानपत्रं. पडदेवाल्याच्या बायकोने हे ऐकून घ्यायचं.

"माप सांगा, शिवून पाठवते," असं त्या दर वेळी फोनवर म्हणायच्या.

"नको," दादा म्हणायचे. "तू येशील तेव्हा तूच येऊन लाव. पडदे लागले की मग तू येतेस कशाला?"

हे असं बोलले की वहिनींना राग यायचा आणि बरंही वाटायचं. माप दादांनी कधी दिलं नाही.

अशात चौकात ते मोठे फलक लागले. 'घरी परत या, आपल्या मातीत उद्योग उभारा.' खाली आई, बाप आणि मूल एका उघड्या शटरसमोर उभे, तिघांचेही दात दिसताहेत. भाऊजी बघून आले आणि म्हणाले, हा फोटो नक्की पलीकडच्या राज्यात काढलाय, फुटपाथ धड आहे त्यात. गल्ली हसली. पण त्या योजनेच्या कचेरीतूनच एक दिवस फोन आला. एक जोडपं पलीकडच्या राज्यातून परत येऊ बघतंय, त्यांना चालतं दुकान हवंय, तुमचं दाखवाल का?

त्या दिवशी वहिनींचे पाय जमिनीवर ठरेनात. काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या, ताग्यांवरची धूळ झटकली, समोरचे उन्हाने विटलेले मागे सारले. गल्लीत त्यांनी कुणालाही "या" म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. जोडपं उंबऱ्यावर दिसायचा अवकाश, भाऊजी पिशवी घेऊन हजर. त्यांच्यामागे काकू, मग कोट काढलेले डॉक्टर, मग गल्लीच्या वरच्या टोकाचे दोघे-तिघे. बघता बघता दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

नवरा अबोल होता. बायको, अगदी तरुण मुलगी, मात्र चौकस. तिकडे बुटांच्या एका बड्या दुकानात कामाला होती आणि तिला इथे लहान मुलांच्या बुटांचं दुकान काढायचं होतं. वहिनींना विचारण्याऐवजी ती सरळ गिऱ्हाइकांकडेच वळली. दुकानदार काय, आपल्या दह्याला आंबट म्हणणार थोडाच, असं तिला वाटलं असावं.

"काकू, इथे लहान मुलांचे चांगले बूट मिळाले तर घ्याल?"

झालं. उसन्या गिऱ्हाइकाने नाही म्हणायचं नाही.

"घेऊ की," काकू म्हणाल्या. "बाई गं, किती वणवण करावी लागते हल्ली बुटांसाठी."

घरात लहान कोण आहे, असं तिने विचारलं. काकूंना मूलबाळ नव्हतं, पण त्यांनी झटक्यात एक नात उभी केली. भाऊजी मागे कशाला राहतील. त्यांना दोन नातू झाले आणि थोरल्याचे पाय तर कसे भराभर वाढताहेत. डॉक्टरांचं लग्न झालेलं नव्हतं, पण मुलगी आशेने त्यांच्याकडे बघायला लागली तेव्हा त्यांना काही सुचेना, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे जुळी आहेत." त्या दुपारी त्या एका दुकानात जितकी बाळं जन्माला आली तितकी सरकारी दवाखान्यातसुद्धा होत नसतील. मुलगी सगळं मनापासून ऐकत होती आणि नवऱ्याकडे बघून हसत होती. वहिनीही हसल्या. तेव्हा त्यांना ती मजाच वाटली.

जोडप्याला दुकान पसंत पडलं. दादांना फोनवर सांगताना वहिनींचा आवाज चढला होता, आणि पलीकडून लेक मागे ओरडत होती की आई, माझ्या परीक्षेच्या आधी ये.

मुलगी दुसऱ्यांदा आली ती एकटीच, पिशवीत नमुने घेऊन. तिने गल्ल्याच्या फळीवर लाल बुटांचा एक जोड ठेवला. तळहातावर मावेल एवढा. मग शेजारी तसाच दुसरा जोड ठेवला, तसाच, तेवढाच, त्याच रंगाचा.

"हे जुळ्यांसाठी," ती म्हणाली. "त्या काकांमुळे सुचलं. एकसारखे दोन जोड एकत्र मिळाले तर आईबाप खूश होतील ना, वहिनी?"

माल पाठवायला तिने कंपनीला सांगितलं होतं. नोकरी सोडली होती. नवऱ्याचा राजीनामा लिहून तयार होता, इथली सही झाली की द्यायचा. तिकडे सगळं मिळतं, पण तिथे आपण कुणाचे कुणी नाही, असं ती बोलून गेली. इथे लोक कसे पटकन बोलतात. नुसतं बुटांचं विचारलं तरी घरच्या पोरासोरांचं सगळं सांगतात.

वहिनींनी एक बूट उचलला. बूट हातात घेऊन त्या नुसत्या "छान आहे, छान आहे" म्हणत राहिल्या.

मुलगी गेल्यावर त्यांना कुठेच चैन पडेना. दुकानात बसवेना, घरी जावंसं वाटेना. तागे या फळीवरून त्या फळीवर हलवले आणि पुन्हा जागच्या जागी आणले. जेवायला बसल्या आणि ताटावरून उठल्या. संध्याकाळी फोनवर त्यांनी दादांना सांगितलं की मन खातंय.

आपण खोटं काय बोललो, दादा म्हणाले. धंदा कसा चालतो, असं तिने तुला विचारलं का?

"नाही विचारलं."

"मग?"

"विचारलं नाही, कारण तिने बघितलं ना."

 दादा म्हणाले, ती तरुण आहे, तिकडे राहून आलेली आहे, नाही चाललं तर पुन्हा जाईल. तिच्या वयाला काय होतंय. आपली आता किती वर्षं राहिली? मी रोज त्या खोलीत कुलूप काढून आत शिरतो तेव्हा मला काय वाटतं ते मी तुला सांगत नाही. वहिनी म्हणाल्या, बरं, नाही सांगत तिला काही.

मनावर दगड ठेवला खरा, पण दगडाखालीही वळवळ चालूच राहिली. भाऊजींच्या ते लक्षात आलं. त्यांचंही घोडं याच व्यवहारावर अडलेलं होतं. पडद्याचं दुकान चांगल्या भावाने गेलं की गल्लीला भाव येईल, मग भांड्यांचंही कुणीतरी घेईल, असा त्यांचा हिशेब. ते येऊन समजावून गेले. वहिनी, चेहरा जरा नीट ठेवा, एवढी सही होऊ द्या, मग रडा पाहिजे तेवढं. आणि हो, शटर बंद राहण्यापेक्षा बुटांचं दुकान बरंच नाही का? काकूंनीही मान डोलावली. त्यांची नजर मात्र खाली होती.

सही व्हायची त्या दिवशी मुलगी सकाळीच आली. दुपारी नवरा आणि कचेरीचा माणूस कागद घेऊन येणार होते, त्याआधी तिला भिंतीची मापं घ्यायची होती. वहिनींनी आपली टेप दिली. मुलीने भिंतीवर खडूने खुणा करायला घेतल्या, आणि बसून, अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लांब रेघ ओढली.

"इतक्या खाली?" वहिनींनी विचारलं.

"हा कप्पा मुलांचा. बूट त्यांना स्वतःच्या हाताने उचलता आला पाहिजे. मोठ्यांच्या हातून पायात घालून घ्यायचा म्हणजे कंटाळतात ती."

ती रेघ बघून वहिनींना राहवेना. आपली लेक लहानपणी असंच प्रत्येक गोष्टीला "मी, मी" करून हात घालायची. कुठून आठवलं आत्ता हे, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचाच संताप आला.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "जुळी नाहीत."

"काय?"

"डॉक्टरांकडे जुळी नाहीत. त्यांचं लग्नच झालेलं नाही. काकूंना नात नाही. भाऊजींचा मुलगा शिकतोय अजून. त्या दिवशी इथे उभं असलेलं एकही माणूस गिऱ्हाईक नव्हतं. सगळे याच गल्लीतले, दुकानं सोडून आलेले."

त्यांनी गल्ल्यामागची पिशवी काढून फळीवर उलटी केली. रद्दीचे बोळे गडगडत तिच्या पायाशी गेले. मग त्यांनी रीत सांगितली, पहिल्यापासून, दादांनी ती का काढली इथपासून. सांगताना एकदाही थांबल्या नाहीत, कारण थांबले तर पुढचं बोलवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मुलगी खडू हातात धरून उभी होती.

"मग खरं गिऱ्हाईक किती येतं?"

"येतं एखादं. एखाद्या दिवशी तेही नाही."

"मी नोकरी सोडली, वहिनी."

"माहीत आहे."

"मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती.

"मला जायचं होतं गं," वहिनी म्हणाल्या. "माझा नवरा आणि माझी मुलगी तिकडे आहेत. मला त्यांच्याकडे जायचं होतं."

मुलीने टेप गुंडाळून फळीवर ठेवली. रागावली असती, चार शब्द सुनावले असते तर वहिनींना परवडलं असतं. ती नुसती "बरं झालं सांगितलंत" म्हणाली आणि गेली. दुपारी कुणीच आलं नाही.

गल्लीला कळायला कितीसा वेळ लागणार. भाऊजी दारात आले, आत आले नाहीत. दादांनी उभं केलेलं तुम्ही एका सकाळीत मोडलंत, म्हणाले. आता ती पोरगी कचेरीत सांगणार, कचेरी गावभर सांगणार, आणि या गल्लीत कुत्रंही फिरकायचं नाही. तुमचं ठीक आहे, तुमचा नवरा कमावतो तिकडे. आमचं काय? भाऊजींचं चूक होतं असंही वहिनींना वाटेना, तोच तर त्रास होता.

दादांना सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. भांडले नाहीत. त्यानंतर फोन येत राहिले, पण "येतेस कधी" हे त्यांनी विचारणं सोडून दिलं. रोजचं ते विचारणं नकोसं व्हायचं वहिनींना. आता ते नव्हतं तर जीव कासावीस व्हायचा. संध्याकाळ झाली की फोन हातात घेऊन दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत, नुसत्या येरझाऱ्या. भिंतीवर खाली ती खडूची रेघ होती. दर वेळी पुसू म्हणायच्या आणि राहून जायचं.

एकदा एक बाई आली, खरीखुरी, जाड कापड हवं होतं तिला. वहिनींनी ताग्यामागून तागा उलगडला. बाई कापड बोटांत चोळत मधूनमधून मागे वळून बघत होती. मागे कुणीच नव्हतं. समोरच्या दुकानात भाऊजी पातेलं पुसत बसले होते, मान खाली. डॉक्टर कोट घालून रस्त्याकडे पाठ करून बसले. बाईने कापड सोडलं, नंतर येते म्हणाली आणि गेली. नंतर येते म्हणणारं कोण कधी आलंय? त्या दिवशी वहिनी ताग्यांमागे जाऊन रडल्या, मोकळेपणी, तोंडावर कापड धरून.

आणि मग एका दुपारी ती मुलगी आली.

आधी वहिनींना वाटलं, जाब विचारायला आली असेल. पण ती पडदे घ्यायला आली होती. दोघं परत निघाली होती, पलीकडच्या राज्यात, दादा होते त्याच शहरात. नवऱ्याचा राजीनामा दिलेला नव्हता, म्हणून त्याची नोकरी शाबूत होती. तिला मात्र पुन्हा शोधावी लागणार होती. बुटांचा माल कंपनीने कुरकुर करत परत घेतला. नवी खोली मिळाली होती, तिला खिडकी होती, आणि खिडकीला पडदा हवा होता.

"आणि पडदेवाल्या तुम्हीच ओळखीच्या," ती म्हणाली. "नाहीतरी तुमच्याइतकं खरं कोण सांगणार मला?"

टोमणा होता की काय, वहिनींना कळेना. मुलीच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या उठल्या, कापडं काढायला लागल्या. मुलगी रस्त्याकडे पाठ करून उभी होती.

आणि समोरच्या दुकानात भाऊजींना ती पाठ दिसली.

त्यांनी न बोलायची शपथ घेतली असेल, राग अजून गेलाही नसेल, पण रिकाम्या दुकानात एकटं उभं असलेलं गिऱ्हाईक त्यांना मागच्या वेळीही बघवलं नव्हतं, म्हणून तर मान खाली घातली होती, आणि आताही बघवेना. पातेलं बाजूला ठेवलं, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडला. त्यांना निघालेलं बघून काकू निघाल्या. काकूंना बघून डॉक्टरांनी कोट काढला.

पायरीवर भाऊजी दिसले. रीतीचे शब्द वहिनींच्या तोंडून निघालेच.

"या, बसा. काय दाखवू?"

"तो निळा दाखवा बरं," भाऊजी सुरू झाले, पूर्वीच्याच सुरात. "आमच्याकडे लावलाय, काय सुंदर दिसतो, काय टिकतो..."

मुलीने वळून बघितलं.

भाऊजींचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काकू त्यांच्या पाठीवर आदळल्या, डॉक्टर काकूंवर. तिघं पिशव्या घेऊन दारात अशी अडकली की आत येता येईना आणि मागेही फिरता येईना.

"जुळी कशी आहेत, काका?" मुलीने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाहीत गं पोरी," म्हणाले. "माझं चुकलं. तू इतकी आशेने बघत होतीस, की नाही म्हणवेना."

 मुलीने तो निळा तागा उचलून भाऊजींसमोर धरला.

"खिडकीला दिवसभर ऊन असतं. टिकेल का हा?"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं. भाऊजींनी कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि खाली ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "आमचा विटला. तू तो मातकट घे. दिसायला काही नाही, पण उन्हाला दाद देत नाही."

त्या गल्लीत उसनं गिऱ्हाईक नाही म्हणालं ते पहिल्यांदाच. मुलीने मातकट घेतला.

वहिनींनी कापड फाडलं, मशीनवर बसून लगेच कडा मारून दिल्या. काकूंनी न सांगता दोऱ्याचं रीळ काढून दिलं. मुलीने पिशवी भरली, दादांची खोली कुठे आहे ते विचारलं आणि मग म्हणाली, तुमच्या घरी काही द्यायचं असेल तर मी नेते, आमची खोली त्यांच्याच बाजूला आहे.

वहिनी बराच वेळ मशीनवरच बसून राहिल्या. मग त्यांनी दादांना फोन लावला. दुपारची वेळ, दादांच्या सुट्टीचा दिवस, घरीच होते. आजूबाजूला सगळी उभी होती, पण त्याचं त्यांना भान नव्हतं.

"खिडकीचं माप सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी खडू हातात घेतला.

"तू येऊन लावणार होतीस ना?" दादा म्हणाले.

"माप सांगा हो."

 मग त्यांनी लेकीला हाक मारल्याचं ऐकू आलं, खुर्ची सरकवल्याचं, काचेवरचं वर्तमानपत्र टराटरा फाडल्याचं. लेक फोनवर आली. तिचा आवाज कोंडलेला होता, पण तिने रुंदी सांगितली, उंची सांगितली, आणि आईने न विचारताच म्हणाली की दुसरीही एवढीच आहे, ऊन खूप येतं, आपला तो निळा नको. वहिनींनी ते खडूने फळीवर लिहिलं.

"हे एकीचं झालं," त्या म्हणाल्या. "एकीलाच शिवू आणि दुसरी मी येईपर्यंत तशीच ठेवू, की दोन्हींना?"

फोन पुन्हा दादांच्या हातात गेला होता.

"दोन्हींना शीव," ते म्हणाले.

वहिनींनी फोन ठेवला. मातकट ताग्याचं टोक धरून त्यांनी तो फळीवर उलगडायला घेतला, आणि भाऊजींनी पिशवी खाली ठेवून दुसरं टोक धरलं.